लाल पाकळ्या फुगल्या असतील, तर त्यांच्यावर लेझर नको

प्रश्न थोडक्यात असा आहे. दीड वर्षापूर्वी दंडावर गुलाब काढून घेतला: लाल पाकळ्या, हिरवी पानं, काळी कड, आणि खाली काळ्या अक्षरांत एक नाव. गेले चार महिने फक्त लाल भाग फुगतो आणि खाजतो. हिरवं आणि काळं जसंच्या तसं आहे. लग्न जमत आलंय, म्हणून टॅटू पूर्ण काढायचाय. जवळच्या पार्लरमध्ये ‘तीन सिटिंगमध्ये सगळे रंग जातील’ असं सांगितलंय. तर लेझर घ्यावं का? शाई भेसळीची होती का? आणि आजीच्या कपाळावरचं गोंदण साठ वर्षं काही त्रास न देता कसं राहिलं?

आधी उत्तर देते, कारणं मागून सांगते. लाल भाग फुगलेला असताना त्यावर लेझर मारून घेऊ नका. पार्लरमध्ये तर नाहीच, पण माझ्यासारख्या त्वचारोगतज्ज्ञाकडे गेलात तरी आधी फुगण्याचं कारण बघू दे, मग मशीन. तुमच्या प्रश्नात ‘टॅटू काढायचाय’ हे मोठ्या अक्षरात आहे आणि ‘खाजतो’ हे बारीक अक्षरात. मला ते उलटं दिसतंय.

मी साताऱ्यात बावीस वर्षं त्वचारोगांची प्रॅक्टिस करते, त्यातली पंधरा लेझरसह. टॅटू घालवायला येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिला प्रश्न विचारते तो चित्राबद्दल नसतो, रंगाबद्दल असतो. वाघ असो, देव असो की कुणाचं नाव, कातडीला त्याच्याशी देणंघेणं नाही. तिला कळतो तो रंग.

एक गोष्ट आत्ता घरबसल्या करून बघा. डोळे मिटा आणि दुसऱ्या हाताचं बोट गुलाबावरून सावकाश फिरवा. रांगोळीत रंग भरताना मूठ सैल सुटावी आणि एकाच रंगाचा थर उंच व्हावा, तसं फक्त पाकळीपाशी बोट वर चढतंय का? काळ्या कडेशी येऊन पुन्हा खाली उतरतंय का? डोळे मिटून जर रंगाची हद्द सांगता आली, तर ती बहुतेक त्या रंगाची ॲलर्जी असते. जंतुसंसर्ग अशी हद्द पाळत नाही. तो कड ओलांडतो, आजूबाजूची कातडी लाल आणि गरम करतो, पू धरतो, आणि बहुतेक वेळा पहिल्या काही दिवसांत किंवा आठवड्यांत दिसतो. तुमचं दुखणं एक वर्ष उलटून गेल्यावर सुरू झालं, हेही ॲलर्जीकडेच बोट दाखवतं.

‘वर्षभर काही झालं नाही, मग आता ॲलर्जी कशी?’ हे मला आठवड्यातून एकदा तरी ऐकावं लागतं. लालच्या बाबतीत असंच होतं. माझ्याकडे एक मुलगी आली होती, घोट्यावर कमळ. तीन वर्षं कमळ शांत होतं आणि एका उन्हाळ्यात पाकळ्या जाड झाल्या, वर कोंडा धरला, झोपेत खाजवून खाजवून रक्त यायला लागलं. देठ मात्र गुळगुळीत. रंगाचे कण त्वचेत बसल्यावर ऊन आणि शरीरातल्या प्रक्रियांनी हळूहळू बदलतात, आणि ॲलर्जी मूळ शाईची नसून या बदललेल्या रूपाची असते, असं मानलं जातं. त्यामुळे शाईचा थेंब पाठीवर लावून केलेली पॅच टेस्टही बहुतेक वेळा निगेटिव्ह येते. आधी टेस्ट करून लाल रंग भरला म्हणजे धोका टळला, असं त्यामुळे म्हणता येत नाही.

शाई भेसळीची होती का? असू शकेल, पण भेसळ नसतानाही हे होतं. पूर्वी लाल म्हणजे हिंगूळ, म्हणजे पाऱ्याचं संयुग. पिवळा कॅडमियमचा, हिरवा क्रोमियमचा, निळा कोबाल्टचा. आजच्या शायांत बहुतेक रंग सेंद्रिय रसायनांचे असतात: लाल, नारिंगी आणि पिवळा बहुधा ॲझो गटातले, हिरवा आणि निळा थॅलोसायनिन गटातले. काळा म्हणजे कार्बन, पांढरा टायटॅनियम डायऑक्साइड, तपकिरी आयर्न ऑक्साइड, म्हणजे गंजाचाच भाऊबंद. यातले बरेचसे मुळात गाड्यांचा रंग, प्लास्टिक, छपाई यांच्यासाठी तयार झाले. अमेरिकेच्या एफडीए या अन्न-औषध नियामक संस्थेने आजवर एकाही रंगद्रव्याला ‘त्वचेत टोचण्यासाठी’ म्हणून मंजुरी दिलेली नाही. युरोपीय संघाने जानेवारी २०२२ पासून टॅटूच्या शाईतल्या हजारो रसायनांवर मर्यादा घातल्या, आणि ब्लू १५:३ व ग्रीन ७ या दोन सर्रास वापरल्या जाणाऱ्या रंगांना एक वर्षाची सवलत देऊन जानेवारी २०२३ पासून त्यांनाही त्यात घेतलं. आपल्याकडे ग्राहक म्हणून तुमच्या हातात एवढंच उरतं की ज्यांनी टॅटू काढला त्यांच्याकडून लाल शाईच्या बाटलीच्या लेबलचा फोटो मागवा. त्यावर ‘पिगमेंट रेड १७०’ किंवा ‘रेड २२’ असं काही असेल तर डॉक्टरांना दाखवा. लेबल आणि आतला माल जुळतोच असं नाही, पण काहीच नसण्यापेक्षा बरं. डेन्मार्कमध्ये ॲलर्जी झालेल्या टॅटूंच्या १०४ बायॉप्सी, म्हणजे कातडीचे काढून घेतलेले छोटे तुकडे, तपासून त्यातले रंग शोधले गेले. ते काम २०२० मध्ये प्रसिद्ध झालं, आणि त्यात हेच ॲझो लाल पुन्हा पुन्हा सापडले.

जांभळा, गुलाबी, मरून यांतही लाल मिसळलेला असतो. तेव्हा ‘मला लाल सोसत नाही’ याचा अर्थ हे सगळे रंग पुढे कायमचे वर्ज्य. कव्हर-अप म्हणजे जुन्यावर नवा टॅटू काढून झाकण्याचा सल्ला कुणी दिला तर तोही ऐकू नका. फुगलेल्या कातडीत पुन्हा सुया टोचणं म्हणजे आगीवर लाकडं टाकणं.

इतर रंगांचे स्वभाव थोडक्यात. जुना कॅडमियमचा पिवळा उन्हात सुजतो. काळ्याची ॲलर्जी क्वचित होते, पण काळ्यात गाठी आल्या तर मी छातीचा एक्स-रे आणि डोळ्यांची तपासणी सांगते, कारण सार्कॉइडोसिस नावाचा फुप्फुसांचा आजार कधीकधी पहिल्यांदा टॅटूतच डोकं वर काढतो. राखाडी छटांमध्ये काही आठवड्यांनी बारीक लाल पुटकुळ्या आल्या तर शाई पातळ करताना वापरलेल्या पाण्यावर संशय घ्यायचा. २०११-१२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरमध्ये कारखान्यातूनच पातळ होऊन आलेल्या राखाडी शाईतून क्षयाच्या जंतूंच्या भाऊबंदांची लागण झाली होती. साध्या अँटिबायोटिकने ती हटत नाही, काही महिने औषधं लागतात.

म्हणूनच तुमच्या बाबतीत मी बायॉप्सी सुचवीन. नाव ऐकून घाबरू नका. चार मिलिमीटरचा तुकडा, भूल देऊन, एक-दोन टाके, पंधरा-वीस मिनिटांचं काम. पाकळीच्या कडेला घेतला तर व्रणही लपतो. बायॉप्सीने दोन गोष्टी कळतात. एक, ॲलर्जी कोणत्या प्रकारची, म्हणजे औषध किती जोरात लागेल. दुसरी गोष्ट आपल्या देशात जास्त महत्त्वाची: हा टॅटूतून शिरलेला क्षयरोग किंवा कुष्ठरोग तर नाही? छत्तीसगडमध्ये टॅटूच्या जागी कुष्ठरोग झालेल्या ३१ रुग्णांची नोंद २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. एकच सुई अनेकांना, हे त्यामागचं कारण. तुमच्यात तशी शक्यता कमी वाटते, कारण फुगवटा लाल रंगाच्या हद्दीतच आहे. तरी ती नाकारून मगच स्टेरॉइड सुरू केलेलं बरं. पाकळीच्या जागी स्पर्श कमी जाणवत असेल, बधिर वाटत असेल, तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगा.

या चार महिन्यांत तुम्ही मेडिकलमधून ‘खाजेची ट्यूब’ आणून लावली असणार, असा माझा अंदाज आहे. जवळजवळ सगळेच लावतात. त्या ट्यूबमध्ये बहुधा स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक अशी खिचडी असते. चार दिवस खाज थांबते, बंद केली की दुपटीने येते, आणि मधल्या काळात कातडी पातळ होते. कोणती लावली आणि किती दिवस, ते लपवू नका. रागावणारा डॉक्टर भेटला तरी सांगा, कारण बायॉप्सी वाचताना ते लागतं.

निदान ॲलर्जीचंच निघालं, तर पुढचा मार्ग साधारण असा असतो. ताकदीचं स्टेरॉइड मलम काही आठवडे, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. त्याने भागलं नाही तर ट्रायॲम्सिनोलोन या स्टेरॉइडची इंजेक्शनं थेट फुगवट्यात, चार-चार आठवड्यांच्या अंतराने. इंजेक्शन दुखतं, पण बहुतेकांना पहिल्या महिन्यातच खाजेपासून सुटका वाटते. जास्त झालं तर कातडीला खळगा पडतो किंवा बाजूचा रंग फिका होतो, म्हणून हात आखडता ठेवायचा. गोळ्या घेऊन खाज जरा दबते, फुगवटा जात नाही. आणि हे सगळं केल्यावरही लाल रंग आत आहे तोवर तो पुन्हा उठू शकतो. औषधं आग विझवतात, सरपण तिथेच असतं.

मग सरपणच काढून टाकावं म्हणून लेझर, असं तुम्हाला वाटेल. तिथेच खरी मेख आहे.

टॅटूची शाई त्वचेच्या वरच्या थरात नसते, तो थर तर दर महिन्याला झडून नवा येतो. ती साधारण एक-दोन मिलिमीटर खोल, खालच्या थरात असते. तिथे शरीराच्या सफाई कामगार पेशी, मॅक्रोफेज, ते कण गिळून बसतात. गिळतात, पण पचवू शकत नाहीत. २०१८ मध्ये फ्रान्समधल्या मार्सेय इथल्या संशोधकांनी उंदरांवर दाखवून दिलं की अशी पेशी मेली की तिच्या पोटातला रंग बाहेर पडतो आणि नवी पेशी तो पुन्हा गिळते. पिढ्या बदलतात, रंग जागचा हलत नाही. लेझर करतं ते एवढंच: त्या कणांचा इतका बारीक भुगा करतं की पेशींना तो उचलून लसिकावाहिन्यांतून वाहून नेता यावा. म्हणजे रंग नाहीसा होत नाही, प्रवासाला निघतो. काखेतल्या गाठींमध्ये जाऊन बसतो. टॅटू असलेल्यांच्या गाठी रंगीत सापडणं डॉक्टरांना नवीन नाही.

आता ज्या रंगाची तुम्हाला ॲलर्जी आहे, त्याचाच भुगा करून अंगभर पाठवला तर काय होईल? काहींना काहीच होत नाही. काहींना दुसऱ्या दिवशी अंगभर पुरळ उठतं. काहींना पित्त उठून ओठ-डोळे सुजतात, आणि श्वास अडकण्यापर्यंत गेल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. ज्या खोलीत ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन नाही आणि ते द्यायला माणूस नाही, तिथे हा धोका पत्करायचा? शिवाय ॲझो लालवर लेझर पडला की त्यातून ॲरोमॅटिक अमाइन नावाची नको ती द्रव्यं सुटतात, हे प्रयोगशाळेत दिसलेलं आहे.

‘सगळे रंग जातील’ या वाक्यावरही मला थोडं थांबायचंय, कारण ते ऐकून माणसं पैसे भरतात. रंग लाल दिसतो कारण तो लाल प्रकाश परत फेकतो आणि हिरवा शोषतो. म्हणून लालला हिरवा प्रकाश लागतो, ५३२ नॅनोमीटर. हिरव्याला याच्या उलट, लालसर प्रकाश: ६९४ चं रूबी किंवा ७५५ चं ॲलेक्झांड्राइट लेझर. काळा सगळंच शोषतो, त्याला १०६४ चं एनडी-याग पुरतं. आपल्याकडे छोट्या-मोठ्या शहरांत जे मशीन सगळीकडे आहे ते क्यू-स्विच्ड एनडी-याग. त्यातून १०६४ आणि ५३२ मिळतात. म्हणजे काळ्याचं आणि लालचं काम होतं, तुमच्या हिरव्या पानांपुढे ते जवळजवळ हतबल असतं. पार्लरला एकच विचारा: मशीन किती नॅनोमीटरचं? उत्तर आलं नाही, किंवा ‘आयपीएल’ असं आलं, तर उठून या. आयपीएल हे केस काढायचं साधन आहे. टॅटूवर ते मारलं की कातडी भाजते. टॅटूसाठी सेकंदाच्या काही अब्जांश इतकाच वेळ चमकणारा लेझर लागतो, पिकोसेकंदवाला त्याहून कमी. चमक याहून लांबली की कण फुटण्याऐवजी आजूबाजूचं मांस तापतं.

आणि आपली कातडी. गव्हाळ, सावळ्या त्वचेत मेलॅनिन भरपूर असतं आणि त्यालाही हिरवा प्रकाश फार आवडतो. ५३२ चा लेझर लाल शाईकडे जायच्या आधी वाटेत मेलॅनिन गाठतो. याची किंमत माझ्या एका रुग्णाने मोजलीय. लेझर घेऊन मला फार दिवस झाले नव्हते. कुस्ती खेळणारा एक मुलगा, हातावर लाल अक्षरं. लाल लवकर जावा म्हणून मी ऊर्जा चढी ठेवली. अक्षरं पुसट झाली, पण त्यांच्या जागी तांदळाएवढे पांढरे ठिपके उठले आणि वर्षभराहून जास्त राहिले. त्याने कधी तक्रार केली नाही, उलट भेटला की नमस्कार करतो. माझ्या मनातून ते ठिपके गेलेले नाहीत. तेव्हापासून लालवर मी टेस्ट स्पॉटशिवाय, म्हणजे आधी एका ठिपक्यावर लेझर मारून बघितल्याशिवाय, हात टाकत नाही आणि दोन महिने थांबून मगच पुढचा निर्णय घेते.

टेस्ट स्पॉटचं महत्त्व आणखी एका गोष्टीसाठी. एक बाई भुवयांचा कॉस्मेटिक टॅटू घालवायला आल्या होत्या, मऊ तपकिरी रंग. भुवईच्या टोकाला मी एकच ठिपका मारला. टक् असा आवाज झाला आणि पांढरा फेस विरल्यावर तो ठिपका पाटीसारखा काळा पडलेला. आयर्न ऑक्साइडवर लेझर पडला की त्याचं दुसऱ्या, काळ्या ऑक्साइडमध्ये रूपांतर होतं. पांढऱ्या टायटॅनियमचंही असंच होतं. गुलाबी, त्वचेच्या रंगाची, फिकट छटा देण्यासाठी शाईत पांढरा मिसळतात, त्यामुळे त्या छटाही काळवंडू शकतात. अख्ख्या दोन्ही भुवयांवर मी एकदम मारलं असतं तर? तुमच्या गुलाबाच्या पाकळीत उजळपणासाठी पांढरा भरलेला असेल, तर हा दुसरा धोकाही आहेच.

मग लाल काढायचा कसा? तो फोडायचा नाही, बाहेर काढायचा. छोटा फुगवटा असेल तर शस्त्रक्रियेने कापून टाके घालणं सगळ्यात स्वच्छ. पसरट असेल तर वरचा थर रंगासकट पातळ तासून काढतात. कोपनहेगनमध्ये टॅटूच्या ॲलर्जीसाठी ही पद्धत नावाजली गेली. किंवा कार्बन डायऑक्साइड लेझर, जो रंग ओळखत नाही, थर जाळत खाली जातो. तिन्हींत व्रण राहतो. आणि तुमचा टॅटू दंडावर आहे, म्हणून एक तपासणी आरशासमोर करा: खांद्याजवळची लहानपणीची बीसीजीची खूण बघा. ती सपाट, किंचित खोलगट असेल तर ठीक. जाड, चमकदार, गाठीसारखी वाढलेली असेल तर तुमच्या कातडीला केलॉइडची सवय आहे आणि दंड ही केलॉइडची आवडती जागा. मग कापण्यापेक्षा इंजेक्शनांवर भागवणं शहाणपणाचं. कान टोचल्यावर गाठ आली होती का, तेही आठवा.

काळ्या नावाची गोष्ट वेगळी आणि सोपी. लाल पूर्ण शांत झाल्यावर, लालपासून सगळ्यात लांबच्या अक्षरावर १०६४ चा टेस्ट स्पॉट. सगळं ठीक असेल तर सहा ते आठ आठवड्यांच्या अंतराने सिटिंग्ज. मशीनवर केलेल्या दाट टॅटूला आठ-दहा सहज लागतात, कधी जास्त. खांद्या-दंडावरचं जरा लवकर जातं, घोट्यावरचं आणि बोटांवरचं उशिरा, कारण हृदयापासून जितकं लांब तितकी वाहतूक मंद. सिगारेट ओढणाऱ्यांचं आणखी उशिरा. दर आठवड्याला बोलावणारा पैसे लवकर घेतो, रंग लवकर जात नाही: भुगा वाहून न्यायला पेशींना वेळ लागतो.

सिटिंगला काय होतं ते सांगून ठेवते, म्हणजे दचकणार नाही. तासभर आधी बधिर करणारं मलम, वर प्लास्टिक. डोळ्यांना गॉगल, तुमच्याही आणि माझ्याही. मग गरम तेलाचे थेंब उडावेत तशी टोचणी, प्रत्येक टोचणीला एक टक्. अक्षर क्षणात पांढरं होतं, खडूने गिरवल्यासारखं, आणि केस जळल्याचा वास येतो. तो पांढरेपणा म्हणजे आत झालेली वाफ, पंधरा-वीस मिनिटांत उतरते. दुसऱ्या दिवशी फोड आले तरी फोडू नका. व्हॅसलीन, स्वच्छ पट्टी, ऊन नको, खपली ओढायची नाही. हळद, टूथपेस्ट काहीही नको. पूर्ण गेल्यावरही त्या जागी अक्षराची फिकी सावली राहते, ती तिरप्या उजेडात दिसते. हे मी सगळ्यांना पहिल्या दिवशीच सांगते.

इथे थोडं विषयांतर करते, कारण आमच्या जिल्ह्यातली कितीतरी मुलं भरतीच्या महिनाभर आधी टॅटू घालवायला धावत येतात. भारतीय सैन्यात कोपरापासून मनगटापर्यंतच्या आतल्या बाजूला आणि तळहाताच्या मागच्या बाजूला टॅटू चालतो. केंद्रीय पोलीस दलांत तो डाव्या, म्हणजे सलाम न ठोकणाऱ्या हाताच्या आतल्या बाजूला किंवा हाताच्या पाठीवर, आणि त्या अवयवाच्या पाव भागापेक्षा लहान असावा लागतो. जाहिरातीतली अट आधी नीट वाचा. काहींना काढायची गरजच नसते आणि काहींना लागणारे महिने हातात नसतात. ते नसले म्हणून बिब्बा, चुना किंवा ॲसिड लावून काढायला जाऊ नका. बिब्ब्याने भाजलेले हात मी पाहिलेत. टॅटू गेला, आणि त्या जागी असा वळ राहिला की मेडिकलच्या डॉक्टरांनी पहिलं बोट त्याच्यावरच ठेवलं.

आता आजी. तिच्या कपाळावरचं हिरवं गोंदण मुळात हिरवं नव्हतंच. गोंदणारणीने वापरली ती काजळी, म्हणजे निव्वळ कार्बन. काळा कण कातडीत खोल बसला की वरच्या थरातून प्रकाशाचा निळसर भाग जास्त विखरून परत येतो आणि डोळ्याला ते निळं-हिरवं दिसतं. हातावरच्या शिरा निळ्या दिसतात तसंच काहीसं. एकच रंग, तोही शरीराशी फारसा न भांडणारा, आणि चार ठिपके किंवा तुळशीची एक डहाळी एवढीच मात्रा. तुमच्या गुलाबात तीन रंग आहेत आणि पाकळ्या काठोकाठ भरलेल्या. म्हणून तिचं शांत राहिलं. पण पूर्ण निर्धोक ते तेव्हाही नव्हतं: जत्रेत एकाच सुईने गावभर गोंदलं जायचं, त्यातून काय काय पसरलं ते कुणी मोजलं नाही. आजही जत्रेत छोटं मशीन घेऊन बसणाऱ्यांकडे सुई बदलली जाते का ते समोर उभं राहून बघा, आणि शाई ओततात ती छोटी वाटीही नवी हवी. हिपॅटायटिस बी आणि सी याच वाटेने येतात. तुमचा टॅटू कुठे काढला ते लिहिलेलं नाही. शंका असेल तर बायॉप्सीच्या दिवशीच या दोन्ही आणि एचआयव्हीची रक्ततपासणी करून घ्या.

लग्नाचं. तारीख ठरवताना टॅटू ‘जाईपर्यंत’ थांबू नका, आणि तारखेसाठी घाईही करू नका. सगळा गुलाब जायला वर्ष ते दीड वर्ष धरा, हिरवी पानं कदाचित राहतीलही. लग्नाला चार-पाच महिने असतील तर तेवढ्यात बायॉप्सी, दोन-तीन इंजेक्शनं आणि सपाट, न खाजणारी पाकळी हे सगळं शक्य आहे. त्या दिवशी झाकायचं असेल तर जाड कॅमोफ्लाज मेकअप चालतो, मात्र दोन आठवडे आधी पाकळीच्या कडेला थोडा लावून बघा. मेंदी साध्या पाल्याची, ओली वाटलेली. झटपट रंगणाऱ्या ‘काळ्या मेंदीत’ पीपीडी हे हेअरडायचं रसायन घातलेलं असतं. तुमची कातडी आधीच चवताळलेली आहे, तिच्या वाट्याला आणखी एक ॲलर्जी नको. आणि पीपीडीची ॲलर्जी एकदा जडली की पुढे आयुष्यभर केसांच्या कलपाला मुकावं लागतं. गर्भारपणात आम्ही लेझर करत नाही, तेव्हा नावाची सिटिंग्ज लग्नानंतर सुरू करणार असाल तर तोही हिशेब आधीच मांडा.

या आठवड्यात करायचं ते एवढं: दिवसाच्या उजेडात, तिरप्या कोनातून पाकळीचा एक फोटो, ट्यूब बंद, आणि त्वचारोगतज्ज्ञांची वेळ. मधल्या दिवसांत रात्री खाज असह्य झाली तर फ्रीजमधला बर्फ फडक्यात गुंडाळून दोन-तीन मिनिटं धरा, नखं कापून ठेवा आणि झोपताना लांब बाह्यांचा सुती शर्ट घाला. श्वास लागला, ओठ सुजले किंवा ताप आला तर वेळेची वाट बघू नका, थेट दवाखाना गाठा.